उंची, सरासरी आणि गिरणगाव



हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ होतं, त्या गुरुजींनी परळच्या रात्रशाळेत गिरणी कामगारांना गणित शिकवलं. आठ तास साच्यावर उभं राहून आलेल्या माणसाला सरासरी आणि शेकडेवारी शिकवायची, तर ते आकडे त्याच्या पगाराचे, रेशनचे आणि खोलीभाड्याचेच असावे लागत. ती शिस्त आज मीही पाळणार आहे. विषय माणसाच्या उंचीचा आहे. देशोदेशीच्या लोकांची सरासरी उंची किती, ती मोजतात कशी, आणि तो आकडा गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या माणसांना काय सांगतो, एवढंच मला बोलायचं आहे.

नायगावच्या पोलीस मैदानावर शिपाई भरती निघाली की पहाटेपासून रांग लागते. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आलेली मुलं फलाटावर रात्र काढून तिथे उभी असतात. धावणं, गोळाफेक ही पुढची गोष्ट. आधी उंची मोजतात. पुरुषाला १६५ सेंटिमीटर, स्त्रीला १५५. त्याच्या शेजारी आता दुसरा एक आकडा ठेवा. २०१६ साली एनसीडी-रिस्क या शास्त्रज्ञांच्या जागतिक गटाने २०० देशांतल्या १ कोटी ८६ लाख माणसांच्या मोजमापांवरून शंभर वर्षांचा उंचीचा इतिहास मांडला. त्यात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६४.९ सेंटिमीटर निघाली आणि स्त्रीची १५२.६. याचा अर्थ सरळ आहे. देशाची सरासरी धरली तर निम्मे तरुण एक पाऊलही न धावता मैदानाबाहेर जातात, आणि मुलींमध्ये तर निम्म्याहून बऱ्याच जास्त. कोण बाहेर गेलं? ज्यांच्या घरात पहिल्या दोन वर्षांत दूध, डाळ, अंडं कमी पडलं, ज्यांना वारंवार हगवण लागली, ती मुलं. ज्या नोकरीने त्यांच्या घरचं ताट भरलं असतं, त्या नोकरीच्या दारात त्यांचं रिकामं ताटच आडवं येतं. हा आकडा मला म्हणूनच नुसता कुतूहलाचा वाटत नाही.

याच अभ्यासातलं जगाचं कोष्टक लोक शर्यतीच्या निकालासारखं वाचतात. सर्वांत उंच पुरुष नेदरलँड्सचे, १८२ सेंटिमीटरच्या वर. सर्वांत उंच स्त्रिया लॅटव्हियाच्या, १७० च्या आसपास. पुरुषांमध्ये सर्वांत ठेंगणे पूर्व तिमोरचे, १६० च्या जवळ. स्त्रियांमध्ये ग्वाटेमालाच्या, १५० च्याही खाली. हे वाचलं की पहिला शब्द तोंडात येतो तो रक्ताचा. ते गोरे, ते उंच, आपण असेच. पण हेच कोष्टक मागे नेऊन वाचलं तर हा समज टिकत नाही. १८६० च्या सुमारास डच सैन्यभरतीला आलेल्या तरुणांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर होती. आजच्या आपल्या तरुणाएवढी. दक्षिण कोरियातल्या स्त्रिया एका शतकात २० सेंटिमीटरने वाढल्या, इराणी पुरुष साडेसोळा सेंटिमीटरने. उलट अमेरिकी पुरुष शतकाच्या सुरुवातीला जगात तिसरे होते, ते ३७ व्या क्रमांकावर घसरले; ते काही खुजे झाले नाहीत, बाकीचे देश वाढत राहिले आणि त्यांची वाढ थांबत आली. शंभर वर्षांत कुठल्याच देशाचं रक्त बदलत नाही. बदलतात त्या गोष्टी म्हणजे स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी, मोरी-संडास, देवीची-गोवराची लस, आणि आईचं वय. त्याच शतकात भारतीय पुरुष वाढला जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि स्त्री सुमारे पाच.

मग आनुवंशिकता खोटी का? मुळीच नाही. उंच आईबापांची मुलं उंच होतात हे आपण घरोघरी पाहतो. इंग्रज शास्त्रज्ञ गॉल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ मुलांवर तेच दाखवलं होतं. २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा उंचीशी निगडित अशा १२,००० हून जास्त जागा सापडल्या. एका समाजाच्या आत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक असतो असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: भाताचं एकच बियाणं दोन खाचरांत लावलं, एकात शेणखत आणि पाणी भरपूर, दुसरं कातळावरचं, तर प्रत्येक खाचरातली लहानमोठी रोपं बियाण्यामुळे लहानमोठी असतील; पण या खाचराच्या आणि त्या खाचराच्या सरासरीत जो फरक पडेल तो मातीचा. देशांच्या सरासऱ्या ही खाचरांची तुलना आहे.

शरीराचा हिशेबही असाच चालतो. बाळ जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर असतं. पहिल्या वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १२. एवढी झपाट्याची वाढ आयुष्यात पुन्हा कधी होत नाही, वयात येतानाही नाही. दोन वर्षं पुरी होताना मुलाची उंची त्याच्या मोठेपणीच्या उंचीच्या निम्म्याजवळ पोचलेली असते. पोटातले नऊ महिने आणि ही दोन वर्षं मिळून साधारण हजार दिवस होतात. त्या काळात जे कमी पडलं त्यातलं थोडंच पुढे भरून निघतं. म्हणून मोठ्या माणसाची उंची त्याच्या आजच्या खाण्यापिण्याबद्दल काहीच सांगत नाही. वीस, तीस, पन्नास वर्षांपूर्वी, तो जिथे रांगत होता तिथे काय शिजत होतं, ते ती सांगते.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवून आपण १९२१ च्या गिरणगावात जाऊ. त्या वर्षीच्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. त्यातले मुंबईत जन्मलेले किती, तर शेकडा १६. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सव्वादोन लाखांच्या वर. हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या फाटकातून आत शिरणारा गडी मुंबईचा नव्हता. त्याची हाडं वाढली होती संगमेश्वरला, चिपळूणला, साताऱ्याकडच्या एखाद्या कोरडवाहू गावात. त्या दिवशी कोणी गिरणीच्या फाटकावर उभं राहून हजार कामगारांची उंची मोजली असती, तर हाती आलेली सरासरी मुंबईची ठरली नसती. ती कोकणच्या आणि देशावरच्या १८८०-९० च्या दशकांची, दुष्काळांची, आणि सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनींची सरासरी ठरली असती. मुंबईने त्याला काय दिलं हे पाहायचं तर त्याच्या मुलांकडे पाहायला हवं होतं.

आणि त्याच्या मुलांबद्दलचा आकडा त्या वर्षीच्या नगरपालिकेच्या दप्तरात आहे. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक तान्ह्या बाळांचे मृत्यू नोंदले गेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये हे प्रमाण आठशेच्या वर होतं. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांमध्ये त्याच्या सहाव्या हिश्शाएवढं. या आकड्यात एक गोम आहे, आणि लोकसंख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असं मला वाटतं. गिरणगावातली बाई पहिल्या बाळंतपणाला, पुष्कळदा दुसऱ्यालाही, बोटीने कोकणात माहेरी जायची. बाळाचा जन्म नोंदला जायचा तिकडे, किंवा कुठेच नाही. चार महिन्यांचं बाळ घेऊन ती चाळीत परतायची, पावसाळ्यात बाळ दगावायचं, आणि मृत्यू मुंबईत नोंदला जायचा. वरचा, मृत्यूंचा आकडा मुंबईचा; खालचा, जन्मांचा आकडा अर्धा गावाकडे राहिलेला. त्यामुळे खरं प्रमाण नोंदलेल्याहून कमी होतं. पण एवढी दुरुस्ती केली तरी एका खोलीतलं बाळ आणि चार खोल्यांतलं बाळ यांच्यातली दरी बुजत नाही. जी बाळं जगली ती त्याच ओल धरलेल्या खोलीत, त्याच सामाईक नळावर वाढली.

त्यांच्या ताटात काय होतं, याचीही सरकारी नोंद आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, आणि १९२३ साली फिंडले शिरास यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष असा की औद्योगिक कामगार जेवढं धान्य खातो, ते दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल शिध्याएवढं आहे, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जेवढं द्यायला सांगितलंय त्याहून कमी आहे. मी हे वाक्य अनेकदा वाचलं आहे. देशातल्या सर्वांत श्रीमंत शहराचं कापड विणणारा माणूस खडी फोडणाऱ्या दुष्काळपीडिताएवढं खात होता आणि भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्याहून कमी. ज्या कुटुंबांची पाहणी झाली त्यांतली जवळपास सगळी एकेका खोलीत राहत होती. पुढे खानावळवाल्या बायांनी कामगारांच्या जेवणाचा भार कसा उचलला, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात कसं एकत्र आणलं, तो गिरणगावाचा वेगळा आणि अभिमानाचा इतिहास आहे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

आता मुंबईतून पुण्याकडे वळतो, कारण या विषयातला सर्वांत मोठा वाद मराठी माणसांमध्ये झाला. १९५१ साली डेक्कन कॉलेजने महाराष्ट्रातल्या लोकांच्या शारीरिक मोजमापांवर एक ग्रंथ काढला. लेखक दोन, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. इरावतीबाईंनी मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली शिक्षण घेतलं आणि मग बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांची मोजमापं केली. युरोपीय कवटी वेगळी आणि वरचढ असते हे गुरूंचं गृहीत त्यांच्या मोजमापात उतरलं नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. जर्मनीत तो काळ कोणता होता हे आठवलं की या धैर्याचं मोल कळतं. त्यांचे सहलेखक दांडेकर पुढे वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, नीलकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्यावरचा तो प्रसिद्ध अभ्यास घेऊन आले. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च करण्याची ऐपत, ही त्यांनी दारिद्र्याची रेषा धरली.

या रेषेला आव्हान दिलं तेही साताऱ्याकडच्याच एका संख्याशास्त्रज्ञाने. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसनमध्ये शिकून ते लंडनला गेले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीसएक वर्षं संख्याशास्त्राची धुरा वाहिली, आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन काम करत राहिले. जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत असं ढोबळपणे बोललं जायचं, तेव्हा सुखात्म्यांनी हिशेब मांडून दाखवला की पोट न भरणाऱ्यांचं प्रमाण त्याहून बरंच कमी आहे. त्यांचा मुद्दा असा: एकाच माणसाचं खाणं आणि खर्च होणारी शक्ती दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला सावरून घेतं, म्हणून सरासरी गरजेच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित मोजू नका. संख्याशास्त्र म्हणून हा मुद्दा मोलाचा आहे. सरासरी ही प्रत्येकाची गरज नसते, हे सांगणं आवश्यकच होतं.

पण १९८२ साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने सुखात्मे यांच्या संपादनाखाली एक लेखसंग्रह काढला, आणि त्यात डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा लेख आला. त्याचं म्हणणं, खुजी मुलं ही कुपोषित नाहीत. त्यांनी मिळणाऱ्या अन्नाशी जुळवून घेतलं आहे. ती लहान आहेत, पण निरोगी आहेत. एकदा हे मानलं की देशातली कुपोषितांची संख्या एका रात्रीत आटते. दांडेकरांनी सुखात्म्यांच्या मांडणीला सडेतोड उत्तर दिलं. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी विचारलं की लहान असणं आरोग्याचं लक्षण असेल, तर ते फक्त गरिबांच्याच वाट्याला का? श्रीमंतांच्या मुलांना कोणी लहान ठेवायला का बघत नाही?

मी सुखात्म्यांना आपल्या भाषेत जन्मलेल्या थोर शास्त्रज्ञांपैकी एक मानतो, आणि तरीही या वादात मी गोपालनांच्या बाजूला उभा आहे. जुळवून घेणं आणि निरोगी असणं यांत फार अंतर आहे. १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या बाईचं बाळंतपण जोखमीचं असतं हे परळच्या वाडिया प्रसूतिगृहातली कोणतीही नर्स सांगेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं अभ्यासली. तिथलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं साडेतीन किलोचं. पण आपलं बाळ ही त्या बाळाची छोटी आवृत्ती नव्हती. त्याचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र तुलनेने फारशी कमी नव्हती. अशाच शरीरात पुढे पस्तिशी-चाळिशीत मधुमेह येतो. शरीराने तडजोड केली, आणि तडजोडीची किंमत नंतर वसूल झाली. लालबागमध्ये किती घरांत आज इन्सुलिन आहे ते तुमचं तुम्ही आठवून पाहा. १९२३ च्या अहवालातलं ताट आणि १९८२ च्या लेखातलं समाधान शेजारी ठेवली की मला राग येतो. आधी माणसाला कमी द्यायचं, आणि मग त्याचं लहान झालेलं शरीर दाखवून म्हणायचं की याला एवढंच लागतं.

हा युक्तिवाद मेला नाही. २०१३ साली अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी नव्या रूपात तो मांडला: आफ्रिकेतल्या गरीब देशांहून भारतातली मुलं जास्त खुजी कशी, तर जागतिक आरोग्य संघटनेची मुलांच्या वाढीची फूटपट्टीच आपल्याला लागू नाही. प्रश्न विचारण्याजोगा होता. त्याचं उत्तर ती फूटपट्टी कशी बनली यातच आहे. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं निवडली. अट अशी की आईचं दूध मिळालेलं असावं, घर सुस्थितीतलं असावं, आईला तंबाखू-सिगारेटचं व्यसन नसावं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली होती. आणि पाच वर्षांपर्यंत ती नॉर्वेच्या मुलांच्या बरोबरीने वाढली. मग बाकीची मुलं मागे का पडतात, याची उत्तरं अभ्यासकांनी शोधली आहेत: उघड्यावर शौचाला बसण्यामुळे होणारा आतड्यांचा सततचा आजार, आणि आपल्या घरांतला जन्मक्रम. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी दाखवलं की भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलाहून कमी भरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मुलापासून उंची झपाट्याने घसरते, आणि त्याच्या मुळाशी मुलगा हवा हा हट्ट आहे. इथे रक्ताला दोष देता येत नाही.

आपल्या राज्याचे आकडे मी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही आपल्याच देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते. तिच्यानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीच्या, मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ३४.४, आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. मोठी उतरण झाली आणि मग पाऊल थांबलं. मधे २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा ३९ टक्क्यांवरून २४ च्या आसपास आला होता. माता-बाल पोषणासाठीच्या राजमाता जिजाऊ मिशनच्या कामाचं तेव्हा देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. मात्र भाषणांत हे २४ आणि नंतरचे ३५ शेजारी ठेवून काही लोक म्हणतात की सगळं वाया गेलं. पहिला आकडा दोन वर्षांखालच्यांचा, दुसरा पाच वर्षांखालच्यांचा. खुजेपणा दुसऱ्या वर्षात दिसू लागतो आणि साठत जातो. वयोगट न सांगता टक्केवारी सांगणारा माणूस, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, ऐकणाऱ्यांची फसवणूक करतो. असाच गोंधळ २०२० साली झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या हिशेबासाठी संदर्भ पुरुषाची उंची वाढवून धरली, आणि भारतीय पुरुष आता ५ फूट ८ इंच झाला अशा बातम्या आल्या. तो चांगल्या वाढीचा मापदंड होता, सरासरी नव्हती.

माणसांच्या मोजमापांना सरासरी लावणाऱ्यांत बेल्जियमचा केतले महत्त्वाचा. तो मूळचा खगोलशास्त्रज्ञ. १८३५ साली त्याने सरासरी माणूस ही कल्पना मांडली. फ्रेंच सैन्यभरतीतल्या एक लाख तरुणांच्या उंचीचा आलेख काढताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. १५७ सेंटिमीटर ही भरतीची किमान उंची होती, आणि तिच्या जरा खाली अपेक्षेपेक्षा बरीच जास्त माणसं होती, जरा वर तेवढीच कमी. त्याने हिशेब मांडला की सुमारे दोन हजार तरुण सक्तीची लष्करी नोकरी चुकवायला वाकून उभे राहिले असावेत. नायगावच्या मैदानावर पोरं टाच उचलायला बघतात आणि तिकडे ती गुडघे वाकवत होती. म्हणजे आकड्यात मोजणारा आणि मोजला जाणारा, दोघांचीही गरज उतरते.

आपल्या भागात तर सरासरी दुसऱ्याच कारणाने फसवी होते. महापालिकेच्या जी-उत्तर विभागात शिवाजी पार्क आहे आणि धारावीही आहे. डी विभागात मलबार हिल आहे आणि गिरगावच्या चाळीही. या विभागांची एकच सरासरी काढली तर ती त्या विभागात राहणाऱ्या कोणाचीच नसते. आणि लालबाग-परळमध्ये गेल्या काही दशकांत जे झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले, चाळीतली कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर उतरली. उद्या कोणी परळच्या लोकांची उंची मोजली आणि ती वीस वर्षांत चार सेंटिमीटरने वाढलेली दिसली, तर आनंद मानायच्या आधी विचारलं पाहिजे की मोजलेली माणसं तीच आहेत का. चाळीतलं एकही मूल अर्ध्या सेंटिमीटरनेही वाढलेलं नसेल, आणि तरी सरासरी वाढेल, कारण उंच माणसं विसाव्या मजल्यावर राहायला आली आणि बुटकी माणसं लोकलने दोन तास लांब गेली. ज्यांचं बालपण मोजायचं त्यांनाच हद्दपार करून आकडा सुधारता येतो. पुनर्विकासाचा कोणताही अहवाल वाचताना एवढं एक विचारा.

मग खरोखर उंची वाढवायची तर हात कुठे घालायचा? मुंबईतच याचं एक उत्तर तपासून पाहिलं गेलं. डॉ. रमेश पोतदार आणि सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेने, साउदम्प्टनच्या संशोधकांना बरोबर घेऊन, २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजार स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या स्त्रियांना रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घालून बनवलेला खाऊ दिला, अर्ध्यांना त्याची तुलना करायला साधा खाऊ. वैशिष्ट्य असं की खाऊ द्यायला सुरुवात दिवस राहायच्या आधीपासून केली. एकूण पाहिलं तर बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहायच्या आधी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली, आणि ज्या आया मुळात बऱ्या अंगाच्या होत्या त्यांच्या बाळांना जास्त फायदा झाला. अगदी हाडकुळ्या आयांच्या बाळांना झालाच नाही. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आणि लोहाच्या गोळ्या देऊन मुलीचं सोळा वर्षांचं उणं ताट भरून निघत नाही. बाईचं अंग तिच्या आईच्या घरात घडतं. त्यामुळे आजच्या अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या मुलीच्या वाटीत काय पडतं, यावर २०४५ च्या आसपास जन्मणाऱ्या बाळाची उंची ठरणार आहे.

अंगणवाडी सेविकेकडे आज वजनकाटा आहे, उंची मोजायचं साधन आहे, आणि मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर आहे. तिच्यावर कामं मात्र दहा आहेत. घाईत केलेलं मोजमाप फार नुकसान करतं. कधी दोन सेंटिमीटर जास्त, कधी दोन कमी अशी चूक झाली तर सरासरी तीच राहते, पण आकडे दोन्ही टोकांना पसरतात आणि खुज्या मुलांची टक्केवारी खोटीच फुगते. इथे सभागृहात लालबाग-परळच्या मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत. तुम्ही रक्तदान शिबिरं घेता, नेत्रतपासणी करता. माझी विनंती आहे की वर्षातून दोनदा, सेविकेच्या मदतीला दोन माणसं देऊन, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाची उंची मोजा. दोन वर्षांखालचं मूल फळीवर आडवं मोजा, वरचं उभं. आडवं मोजलं की सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, म्हणून कोणतं कसं मोजलं ते लिहा. सकाळीच मोजा, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर आखडतो. जन्मतारीख दाखल्यावरून घ्या, अंदाजाने नको. कुटुंब इथे किती वर्षं राहतंय तेही नोंदवा, आणि घर सोडून गेलेल्या मुलाचं नाव खोडू नका, नवा पत्ता लिहा. मुलाच्या ओळीतच त्याच्या आईची उंची लिहा. या यादीतल्या मुली आया होतील तेव्हा तुलनेला तीच लागेल.